हेड गॅस्केट पुन्हा पुन्हा जातंय? फेसिंगला द्यायच्या आधी हेड मोजा

सोळा महिन्यांत या गाडीनं चार हेड गॅस्केटं खाल्ली. हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण आणि गॅस्केट म्हणजे ते आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली फट बंद करणारा पातळ थर. १९६५ ची फियाट ११०० डिलाइट, पण घरगुती नव्हे. कधीकाळी कुणीतरी शर्यतीसाठी तयार केलेली. पहिलं गॅस्केट गेलं तेव्हा माल हलका म्हणून दुकानदाराला बोल लावला. दुसरं गेलं तेव्हा नट आवळण्यात आपलंच चुकलं असेल म्हटलं. तिसऱ्याला हेड वाकलंय असं ठरवून टाकलं. चौथं गेलं त्या संध्याकाळी कोल्हापुरातल्या उद्यमनगरातल्या शेडचं शटर अर्धं ओढलं, वही काढली, आणि जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते तेव्हा केलं.

तुमच्याकडं जुनी शर्यतीची गाडी असेल आणि तिचा असाच वारंवार त्रास असेल, तर आधी आमची लक्षणं ताडून बघा.

थंड इंजिन एका चावीत सुरू व्हायचं. पंधरावीस मिनिटं झकास चालायचं. मग तापमानाचा काटा चढायला लागायचा. पन्हाळ्याकडं निघालो तर वाटेतल्या वाघबिळाच्या अलीकडंच गाडी बाजूला घ्यावी लागे. चढावर पाय दाबला की बोनेटखालून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज. गाडी पूर्ण गार झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडून इंजिन सुरू केलं की पाण्यात बुडबुडे. सिलिंडरातला दाब मोजायचा कॉम्प्रेशन गेज लावला, तर एक आणि चार नंबर १७० पीएसआयच्या आसपास. दोन आणि तीन ६५ च्या वर जाईनात.

शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचं कॉम्प्रेशन एकदम पडलं असेल, तर व्हॉल्व्ह आणि रिंगांच्या मागं लागू नका. दोघांच्या मधली गॅस्केटची पट्टी जळालेली असते. इथपर्यंत कुठलाही मेकॅनिक सांगेल. पट्टी का जळाली, हे मात्र कुणी विचारत नाही. आम्हीही विचारलं नव्हतं.

औषधानंच दुखणं वाढतं, ते असं

कोल्हापुरात हेडचा विषय निघाला की उत्तर एकच: फेस करून घे, म्हणजे मशीनवर घासून सपाट करून घे. उद्यमनगरात ग्राइंडर शोधायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागत नाही. मशीन दाराशी असलं की हात शिवशिवतात. आम्ही प्रत्येक गॅस्केटमागं हेड फेस करून आणलं आणि प्रत्येक वेळी नवं गॅस्केट आधीच्यापेक्षा लवकर गेलं. हा क्रम डोळ्यासमोर होता, तरी दिसला नाही.

आमचे वस्ताद निवृत्त आहेत, पण संध्याकाळी शेडवर चक्कर असते. चौथ्या वेळी हेड हातात घेऊन ते म्हणाले, "भावा, आजवर किती खाल्लं ह्याचं?"

"पहिल्यांदा पॉइंट दोन मिलिमीटर, मग पॉइंट पंचवीस, मागच्या खेपेला पॉइंट पस्तीस."

"म्हणजे पॉइंट आठ. आणि आपल्या आधी कुणी किती खाल्लं?"

ह्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. खरं तर हा प्रश्नच माझ्याकडं नव्हता.

फियाट ११०० चा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून या जोडीत गॅस्केट आधीच ताणाखाली असतं. हेड जितकं घासाल तितकी वरची पोकळी लहान होते आणि कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरातलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, वाढतो. रेशो फार वाढला की पेट्रोल आपोआप, दणका देऊन पेटतं. ह्यालाच नॉक म्हणतात. तो दणका गॅस्केटच्या धातूच्या कडीवर बसतो. कडी चेपते, गॅस बाहेर पडतो, पाणी तापतं, हेड वाकल्यासारखं वाटतं, आणि आपण ते परत घासायला नेतो. गोल फिरून पुन्हा तिथंच.

वाईट ह्याचं वाटतं की तिसऱ्या वेळी सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून सपाटी पाहिली असती, तर हेड सरळ निघालं असतं. चौथ्या वेळी पाहिली, तेव्हा पॉइंट शून्य पाचची पातीही कुठं शिरत नव्हती. ते पॉइंट पस्तीस आम्ही सवयीनं घालवले.

जळालेलं गॅस्केट फेकू नका. नुसत्या उष्णतेनं गेलं असेल तर कडीभोवती तपकिरी-काळा डाग पसरलेला दिसतो आणि कडीचा आकार बराचसा शाबूत असतो. दणक्यानं गेलं असेल तर कडी ठोकून चपटी केल्यासारखी, बाहेर ढकललेली दिसते. आमची चारही अशीच होती. चारही एकाच कोपऱ्यात खिळ्याला अडकवलेली, तरी कुणी निरखून पाहिलं नव्हतं. प्लगही बघा, भिंग घेऊन. पांढऱ्या चिनीमातीवर मिऱ्याच्या पुडीसारखे बारीक ठिपके आणि त्यात चंदेरी चमक असेल, तर ते तुमच्या पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. हे दिसल्यावर गाडी आणखी एक किलोमीटरही पळवू नये.

मोजमाप

ह्याला लॅब लागत नाही. मेडिकलमधून ५० सीसीची सिरिंज, ॲक्रिलिकचा जाड तुकडा, थोडं ग्रीस आणि रॉकेल किंवा रंगीत पाणी एवढं पुरतं. हेड उलटं ठेवा, व्हॉल्व्ह बंद, प्लग लावलेला. पोकळीच्या कडेला ग्रीस फासून वर ॲक्रिलिक बसवा, त्याला पाडलेल्या भोकातून सिरिंजनं भरत जा. हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. किती सीसी मावले ते लिहा. चारही पोकळ्यांचं करा.

आमची पोकळी २७.६ सीसी आली. दाबलेलं गॅस्केट १.२ मिलिमीटर जाड, त्याचं भोक ७० मिलिमीटरचं, त्याचे ४.६ सीसी. पिस्टन वरच्या टोकापासून बरोबर १० मिलिमीटर खाली घेऊन वरची जागा भरली. सपाट पिस्टन ब्लॉकच्या पातळीला असता तर ३६.३ सीसी मावायला हवे होते, मावले ३५.१. म्हणजे पिस्टनचा माथा फुगीर आहे आणि तो १.२ सीसी जागा खातो. पोकळी आणि गॅस्केटच्या बेरजेतून हे १.२ वजा केले की एकूण जागा ३१ सीसी.

आता इंजिनाचा हिशेब. बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५, चार सिलिंडर मिळून १०८९ सीसी, म्हणजे एकाचे २७२.४. त्यात ३१ मिळवा आणि ३१ नं भागा: ९.८. कारखान्यातून निघालेलं हे इंजिन आठाच्या आसपासचं. साठ वर्षांचं, ठिणगीसाठी जुन्या पॉइंट-कंडेन्सरवर चालणारं, नॉक ओळखणारा कुठलाही सेन्सर नसलेलं इंजिन आम्ही ९.८ वर पन्हाळ्याला चढवत होतो.

आमचे पॉइंट आठ परत जोडून पाहिले तर रेशो ९.१ येतो. म्हणजे गाडी आमच्याकडं आली तीच चढ्या रेशोवर. आता वस्तादांच्या प्रश्नाकडं वळणं भाग होतं.

आधी कुणी खाल्लं?

कोल्हापुरात कुठलीही जुनी गाडी शेडमध्ये आली की दोन दिवसांत ती "महाराजांची" होते. ह्यात कुणी मुद्दाम खोटं बोलत नाही. छत्रपती घराण्याची मायबाख दसऱ्याला दसरा चौकात येते ती सगळ्या गावानं पाहिलेली. त्यामुळं जुनी मोटार म्हटली की डोकं आपोआप राजवाड्याकडं वळतं. ही गाडी ज्यांच्या वाड्यातून आली त्यांनीही हेच सांगितलं होतं: महाराजांची रेसची गाडी. मी ते चार जणांना सांगून मोकळाही झालो होतो.

पण आरसी पुस्तकात राजवाडा नव्हता. त्यात सत्तरच्या दशकातली मद्रासकडची एनओसी होती. आणि धातूमध्ये त्याहून जास्त लिहिलेलं होतं.

शिरोलीच्या एका भंगारवाल्याकडं न घासलेलं फियाटचं हेड मिळालं. दोन्ही शेजारी ठेवून उंची मोजली. आमचं २.६ मिलिमीटरनं बुटकं. त्यातले ०.८ आमचे. उरले १.८. त्याच रात्री रॉकर शाफ्टचे (व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्या दांड्यावर बसतात त्याचे) स्टँड खोलले, तर प्रत्येक स्टँडखाली पितळेची एकेक पट्टी, कानशीनं हातानं घासून बसवलेली. मायक्रोमीटर लावला: १.८.

हेड घासलं की रॉकर खाली येतात, पुशरॉड लांब पडतात आणि व्हॉल्व्हची भूमिती बिघडते. ती सावरायला ज्यानं जितकं कापलं तितकीच पट्टी खाली घातली, त्याला आपण काय करतोय हे पक्कं ठाऊक होतं. आम्ही तीनदा घासलं आणि तीनदा फक्त व्हॉल्व्हची फट जुळवायचे टॅपेट स्क्रू फिरवून वेळ मारून नेली. त्या पट्ट्या हातात घेतल्यावर थोडी लाज वाटली, हे कबूल करतो.

मग बाकीच्या खुणा आपोआप बोलायला लागल्या. हेडच्या दोन नटांना आडवं बारीक भोक: शर्यतीआधी तपासनीस इंजिनाला तार ओवून सील लावतात, त्यासाठीचं. मागच्या दारांच्या आतल्या पत्र्याला वजन कमी करायला पाडलेली गोल भोकं. गिअरचा दांडा स्टिअरिंगवरून काढून जमिनीवर नेल्याची आणि नंतर परत स्टिअरिंगवर आणल्याची, वेल्डिंगनं बुजवलेली खूण. आणि वॉटर पंपाच्या पुलीवर पंखाच नाही, त्याजागी लेथवर काढलेला स्पेसर. आम्ही वर्षभर समजत होतो की पंखा कुणीतरी हरवला.

मद्रासजवळचं शोलावरम हे दुसऱ्या महायुद्धातलं विमानतळाचं मैदान. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ मध्ये स्थापन झाला आणि इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक १९९० मध्ये होईपर्यंत दक्षिणेतल्या शर्यतींचं मुख्य ठिकाण ही धावपट्टीच होती. फियाट तिथल्या नेहमीच्या गाड्यांपैकी. सरळ लांब धावपट्टी, मोजक्या फेऱ्या, समोरून सतत वारा. अशा ठिकाणी पंखा म्हणजे फुकट खर्ची पडणारी ताकद. तो काढला ते बरोबरच केलं. कावळा नाक्याच्या सिग्नलला मात्र वारा समोरून येत नाही.

वाड्यातल्या मंडळींनी नंतर एका ट्रंकेतून फोटो काढून दिला. मैदान, पिंपं, गवताच्या पेंढ्या आणि गडद रंगाची फियाट. फोटोतली गाडी हीच का, हे ठरवताना नंबर आणि रंग शेवटी बघावेत. ते एका दुपारीत बदलतात. हातानं केलेलं, वाकडंतिकडं काम आधी बघावं. फोटोतल्या बोनेटला हवेसाठी कापलेल्या फटींच्या दोन रांगा आहेत, नऊ-नऊच्या, आणि डाव्या रांगेतली तिसरी तिरकी गेलीय. आमच्या बोनेटवरही तिसरीच तिरकी आहे. चुका नकलेत सहसा उतरत नाहीत.

दारावरचा क्रीम रंग आम्ही पाण्याच्या पॉलिश पेपरनं रुपयाएवढ्या जागेत हळूहळू उतरवला. खाली गडद हिरवा, त्यात पांढऱ्या वर्तुळाचा तुकडा आणि आकड्याची कड, ३ किंवा ८ ची. तिथंच थांबलो. सगळं दार उघडून बघायचा मोह होता, पण उतरवलेला थर परत चढत नाही.

हेड बदललं तर गाडी "तीच" राहते का?

हा वाद शेडमध्ये दोन संध्याकाळ चालला. मी वस्तादांना बेंटलीचा दाखला दिला. १९२९ आणि १९३० अशा लागोपाठ दोन वर्षी फ्रान्समधली ल मां ही शर्यत जिंकलेली "ओल्ड नंबर वन" ही बेंटली पुढं इतकी बदलत गेली की ती विकताना खरेदीदार म्हणाला, ही ती गाडीच नव्हे. प्रकरण लंडनच्या हायकोर्टात गेलं. १९९० मध्ये न्यायमूर्ती ओटन यांनी निकाल दिला की शर्यतीत धावली तेव्हाचे भाग फार थोडे उरले असले, तरी गाडीचा इतिहास कुठं तुटलेला नाही, म्हणून ती "ओल्ड नंबर वन"च. वस्ताद म्हणाले, "म्हणजे वही महत्त्वाची." त्यांनी सगळा निकाल तीन शब्दांत आटपला.

आपल्याकडं सरकारी बाजू जरा अवघड आहे. २०२१ च्या व्हिंटेज नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाडीला "व्हीए" मालिकेचा वेगळा नंबर मिळतो, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. शर्यतीची गाडी म्हणजे मुळातच फेरफार. तेव्हा अर्ज करायच्या आधी कुठला बदल कुणी, केव्हा केला याची नोंद हाताशी असू द्या, आणि चासी-इंजिन नंबरच्या जागेला ग्राइंडर, वाळूचा मारा, जाड रंग यांतलं काहीही लावू नका.

काय केलं

जुनं हेड दुरुस्त करायच्या फंदात पडलो नाही. इथं पॅटर्न करून नवं हेड ओतून देणारे आहेत, जाड तांब्याची प्लेट घालून जुनंच चालवा म्हणणारेही भेटले. पण घासलेलं हेड हा या गाडीचा सर्वांत जुना कागद आहे. ते तेल लावून, गुंडाळून फळीवर ठेवलं. पितळी पट्ट्या पाकिटात, पाकिटावर तारीख. गाडीवर भंगारातलं पुऱ्या उंचीचं हेड चढवलं. फुगीर पिस्टन तसेच ठेवले. नव्या हिशेबानं रेशो ७.८. पट्ट्या काढल्यामुळं रॉकरची भूमितीही जागेवर आली.

काढलेल्या पंख्याऐवजी रेडिएटरसमोर विजेचा पंखा, मूळ भोकांतच क्लॅम्पनं धरलेला. नवं एकही भोक नाही. ठिणगीचं टायमिंग सहा अंश मागं घेतलं, कारण ते त्या जुन्या ट्यूनिंगला धरून पुढं ठेवलेलं होतं.

राहिलं पेट्रोल. २०२३ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि आता सगळीकडं तेच आहे. आमच्या जिल्ह्याला ह्याची तक्रार करायची सोय नाही. ऊस आमचा, मळी आमची, इथेनॉलही आमचंच. इथेनॉलनं ऑक्टेन वाढतो हे खरं, पण ते जळायला हवा कमी लागते. साध्या पेट्रोलला वजनानं १४.७ पट हवा लागते, वीस टक्के मिश्रणाला साधारण १३.५ पट. कार्बुरेटरला हे कळत नाही, तो जुन्याच मापानं देत राहतो आणि मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. पातळ मिश्रण म्हणजे जास्त उष्णता, म्हणजे पुन्हा तेच गॅस्केट. कार्बुरेटरमध्ये पेट्रोल ज्या बारीक भोकातून येतं तो जेट. जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. आमचा मेन जेट १२० होता, १२५ घातला. भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढलं आणि प्लगचा रंग राखाडीवरून बिस्किटी झाला. १२० चा जेटही पाकिटात आहे. पेट्रोलचे जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा बदलून व्हायटॉनचे घातले, कारण इथेनॉल जुनं रबर फुगवतं. गाडी महिना-महिना उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि तळाला गंज धरतो.

हेड बसवताना नट मधून सुरू करून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानं. पहिल्यांदा तापवून गाडी पूर्ण गार झाली की परत एकदा. पाचशे किलोमीटरनंतर आणखी एकदा. ॲल्युमिनियमचं हेड गरम असताना नटाला हात लावायचा नाही, कुणी कितीही घाई केली तरी.

पाचवं गॅस्केट ११०० किलोमीटर टिकलंय. पन्हाळ्याला तीनदा जाऊन आलो, वाघबिळावर न थांबता. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत १३५ च्या आसपास. बोनेटखालचे खडे बंद झाले, पण ते बंद झाल्यावर वॉटर पंपाचं सील टिपकतंय हे ऐकू यायला लागलं. पुढच्या रविवारी तो खोलायचाय. वस्तादांनी आधीच बजावलंय: उतरवायच्या आधी फोटो काढ.